आजी पडण्याआधी तिची चाल बोलत होती

आषाढातली पहाट होती. कोल्हापुरात तीन दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. आमच्या आईला नातवंडांमुळे सारी गल्ली आजी म्हणते, म्हणून आम्हीही इथे आजीच म्हणतो. आजी नेहमीप्रमाणे चारच्या सुमारास उठली. दिवा लावला तर लेकरांची झोप मोडेल, म्हणून अंधारातच मोरीकडे गेली. मोरीचा कट्टा ओलांडून तिने पाऊल खाली ठेवले आणि ओल्या शहाबादी फरशीवर तो पाय सटकला. साडेपाचला सून पाणी भरायला उठली, तेव्हा आजी भिंतीला पाठ टेकून ओल्यातच बसलेली होती. “हाक का नाही मारली?” असे विचारले तर म्हणाली, “मारली की. पत्र्यावर एवढा पाऊस, कुणाला ऐकू जाणार?”

तिच्या खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, आजी वाचली. पण त्या एका पावलाने सारे घर विस्कटले. सुनेची धुण्याभांड्याची चार कामे होती, त्यांतली दोन सुटली. आमचे पंधरा दिवसांचे खाडे झाले. नातू बारावीला होता, तो रात्री जागून आजीला उठवू-बसवू लागला. आणि जिने उभे आयुष्य डोक्यावर विटा-वाळू वाहून आम्हाला शिकवले, तिला बेडपॅनसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले. हाडापेक्षा हेच दुखणे तिला मोठे वाटले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसल्यावर आम्हाला एकेक गोष्ट आठवू लागली. दोन महिन्यांपासून आजी भिंतीला हात लावून चालत होती. उंबरा ओलांडण्याआधी क्षणभर थांबत होती. दरवर्षी १४ एप्रिलला बिंदू चौकापर्यंत पायी जाणारी आजी यंदा अर्ध्या वाटेत एका पायरीवर बसली होती. आम्ही म्हणालो, ऊन फार आहे. ते ऊन नव्हते. आजीची चाल आमच्याशी बोलत होती आणि आमचे तिकडे लक्ष नव्हते.

या एका गोष्टीने आम्हाला हा लेख लिहायला लावला. माणूस पडणार हे आधी कळू शकते का? आज जगात त्यासाठी यंत्रे निघाली आहेत, असे म्हणतात. ती कशी चालतात, आपल्या घरात त्यांचा उपयोग किती, आणि यंत्र नसेल तर आपण काय करायचे, हे या पानावर पाहू.

वय झाले, पडणारच?

‘वय झाले की माणूस पडायचाच,’ असे आपण सहज बोलून जातो. ही समजूत आधी टाकून द्यायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे मरतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. या मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, आणि सर्वाधिक बळी साठीच्या पुढच्यांचे असतात. ६५ वर्षांवरील माणसांपैकी साधारण तीनांत एक जण वर्षातून एकदा तरी पडतो.

पण पडण्याला कारणे असतात. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू अशक्त होतात. मोतीबिंदूने पायरीची कड दिसेनाशी होते. मधुमेहाने तळपाय बधिर होतो आणि जमीन नीट लागत नाही. रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी घेणारा माणूस एकदम उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात ओली फरशी, सैल चप्पल आणि अंधार. बहुतेक वेळा दोन-तीन कारणे एकत्र येतात, तेव्हा माणूस पडतो. यांतली बरीचशी कारणे दूर करता येतात.

धागा तुटल्यावर आणि तुटण्याआधी

आता यंत्राकडे वळू. याला सेन्सर म्हणतात, मराठीत संवेदक. नाव मोठे असले तरी आपल्या कामगार बांधवांना ही गोष्ट नवी नाही. इचलकरंजीत स्वयंचलित मागावर काम केलेल्यांना ठाऊक आहे, की ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लटकत असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. हाही संवेदकच. मात्र तो धागा तुटल्यावर जागा होतो.

दुसरे उदाहरण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातले घ्या. मशीनचे बेअरिंग एका क्षणात जात नाही. आधी त्याचा आवाज बदलतो, थरथर वाढते. जुना फिटर कान देऊन सांगतो, ‘हे आठवडाभरात जाणार.’ आता अशी कंपने मोजणारी उपकरणेही कारखान्यांत बसवतात. हा झाला बिघाडाआधी जागा होणारा संवेदक.

म्हाताऱ्या माणसांसाठी निघालेली यंत्रेही याच दोन प्रकारची आहेत. एक पडल्यावर हाक देणारी, दुसरी पडण्याआधी सावध करणारी. जाहिरातीत दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून हा भेद नीट लक्षात ठेवावा.

पहिल्या प्रकाराची सुरुवात जुनी आहे. १९७०च्या दशकात युरोप-अमेरिकेत एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यात एक बटण देऊ लागले. पडले की बटण दाबायचे, मदत येते. पण अनुभव असा आला, की पडलेला माणूस पुष्कळदा बटण दाबतच नाही. कोणी भांबावतो, कोणाला शुद्ध नसते, कोणाला दुसऱ्याला त्रास देणे जिवावर येते. कोणाचे बटण खुंटीला टांगलेले असते.

मग आपोआप ओळखणारे यंत्र आले. आपला मोबाईल आडवा धरला की पडद्यावरचे चित्रही आडवे होते ना? त्याच्या आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा लवचिक आधारांवर तोललेला असतो. फोन हलला की तो तुकडा किंचित सरकतो, आणि त्या सरकण्यावरून हालचालीची दिशा व जोर मोजला जातो. माणूस पडतो तेव्हा एक ठरावीक खूण उमटते. आधी क्षणभर शरीर निराधार होते, मग जोराचा आदळा, आणि त्यानंतर स्तब्धता. या तीन गोष्टी लागोपाठ दिसल्या, की यंत्र ‘माणूस पडला’ असे समजते. अ‍ॅपल कंपनीने २०१८ साली आपल्या मनगटी घड्याळात ही सोय दिली. पडल्यावर माणूस सुमारे मिनिटभर हललाच नाही, तर घड्याळ स्वतःच मदतीसाठी फोन लावते. पुढे इतर कंपन्यांच्या घड्याळांतही अशी सोय आली.

सोय चांगली, पण तिला मर्यादा आहेत. घड्याळ हजारो रुपयांचे. ते रोज चार्ज करावे लागते, आणि अंगावर असेल तरच त्याचा उपयोग. आमच्या आजीचा साधा फोन फळीवर चार्जिंगला असतो. मोरीत जाताना लुगड्याला खिसा कुठला? शिवाय धपकन खाली बसले तरी कधी यंत्राला माणूस पडल्यासारखे वाटते, आणि भिंतीला धरून हळूच घसरलेला माणूस त्याच्या लक्षात येत नाही.

पावलाची गती काय सांगते?

खरे महत्त्व दुसऱ्या प्रकाराला. अमेरिकेतील मिसुरी राज्यात कोलंबिया नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथे २००४ साली ‘टायगरप्लेस’ ही वृद्धांची वसाहत सुरू झाली. तिथल्या रहिवाशांच्या घरांत, त्यांच्या संमतीने, मिसुरी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी संवेदक बसवले. या कामात दोन स्त्रिया पुढे होत्या. मॅरिलिन रँट्झ या परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापक, तर मार्जरी स्क्युबिक या अभियांत्रिकीच्या. रुग्णसेवा जाणणारी आणि यंत्र जाणणारी अशा दोघी एकत्र आल्या, म्हणून हे काम उभे राहिले.

तिथे अंगावर काही घालावे लागत नव्हते. भिंतीवरचा संवेदक माणसाचा फोटो काढत नाही, त्याची केवळ सावलीसारखी आकृती टिपतो. ती आकृती किती वेगाने चालते, पाऊल किती लांब पडते, हे रोज आपोआप मोजले जाई. नेहमीपेक्षा फरक दिसला, की परिचारिकेला सूचना जाई आणि ती येऊन तपासणी करी.

२०१६ साली या अभ्यासकांनी आपले निष्कर्ष जाहीर केले. ज्यांच्या चालण्याचा वेग सेकंदाला ५ सेंटिमीटरने घटला, त्यांची पुढच्या तीन आठवड्यांत पडण्याची शक्यता ८६ टक्के आढळली. ज्यांचे पाऊल आखूड झाले होते, त्यांच्या बाबतीत ही शक्यता सुमारे ५० टक्के होती.

पाच सेंटिमीटर म्हणजे किती? आपल्या हाताच्या तीन बोटांची रुंदी! एका सेकंदात एवढेच अंतर कमी पडले, तर डोळ्यांना काय दिसणार? रोज शेजारी असणाऱ्यांना तर दिसतच नाही. यंत्राचे खरे बळ या ठिकाणी आहे. ते थकत नाही, आणि कालच्या चालीशी आजची चाल ताडून पाहते.

पण आपण भारावून जाता कामा नये. हा अभ्यास एका वसाहतीतल्या थोड्या माणसांवरचा होता. त्यांना प्रत्येकी स्वतंत्र घर होते, आणि सूचना मिळताच धावणारी परिचारिका होती. आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे. त्यांतली आजीची सावली कोणती आणि सुनेची कोणती, हे यंत्राने ओळखायचे कसे? आणि सूचना आली तरी ती घ्यायला माणूस हवाच. संवेदक पडणाऱ्याला धरत नाही. तो फक्त सांगतो, धरायचे माणसालाच असते.

खुर्ची, खडू आणि घड्याळ

म्हणून मुद्दा असा, की यंत्र जे मोजते ते आपणही मोजू शकतो. १९९१ साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी एक सोपी चाचणी मांडली. आज जगभर डॉक्टर तीच वापरतात. घरी ती अशी करावी :

हातांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्यापासून ३ मीटरवर, म्हणजे सुमारे दहा फुटांवर, खडूने रेघ मारा. जागा कोरडी असावी. आजी किंवा आजोबांना खुर्चीत बसवा. ‘चला’ म्हणताच त्यांनी उठायचे, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. काठी वापरत असतील तर काठी घेऊनच. एकाने मोबाईलवर वेळ मोजावी, दुसऱ्याने शेजारून चालावे. पळवायचे नाही, ही शर्यत नाही.

१२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. त्याहून कमी लागले तरी आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. दर महिन्याच्या एकाच तारखेला हीच चाचणी करावी. या महिन्यात ९, पुढच्या महिन्यात ११, असा आकडा चढू लागला की घरच्यांनी जागे व्हावे. मिसुरीच्या भिंतीवरचे यंत्र ज्या बदलावर नजर ठेवत होते, तो बदल आपण खडू आणि कॅलेंडरने पाहू शकतो.

आणखी एक खूण. १९९७ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिले, की चालता चालता कोणी बोलले तर जी वृद्ध माणसे उत्तर द्यायला थांबतात, ती पुढे पडण्याची शक्यता जास्त असते. कारण चालण्यावरच त्यांचे सारे लक्ष खर्च होत असते. बाजारात जाताना तुमची आई बोलण्यासाठी उभी राहते का, हे एकदा पाहा. आमची राहत होती. गप्पांची हौस म्हणून आम्ही हसत होतो.

मग करायचे काय?

*पायांत बळ आणा.* न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९०च्या दशकात घरच्या घरी करायचा व्यायाम तयार झाला. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास, आणि त्याशिवाय चालणे. ओट्याला किंवा खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलणे, मग चवडे उचलणे, बाजूला पाय नेणे, क्षणभर एका पायावर उभे राहणे, खुर्चीतून हातांचा आधार कमी करत उठणे, असे ते प्रकार आहेत. जगभरच्या अशा प्रयोगांचा २०१९ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होते असे दिसले. सुरुवात डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारून करावी.

*डोळे आणि गोळ्या तपासा.* मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत बसू नये. आपल्या सीपीआर रुग्णालयात नेत्रविभाग आहे. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात आणि ‘यांतल्या कोणत्या गोळीने चक्कर येते का?’ असे स्पष्ट विचारावे. मनाने गोळी बंद मात्र करू नये. पहाटे उठताना आधी कूस बदलावी, मग मिनिटभर अंथरुणावर बसावे, मगच उभे राहावे.

*घर पाहा.* मोरीत शेवाळ साचू देऊ नका. कोल्हापूरच्या पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ती ब्रशने घासलीच पाहिजे. कट्ट्याशेजारी भिंतीत लोखंडी पाइपचा तुकडा पक्का बसवून घ्या. असा पाइप बसवणारा वेल्डर आपल्याच गल्लीत असतो. रात्रभर जळणारा छोटा एलईडी दिवा लावा. त्याचे बिल नाममात्र येते. गोणपाट आणि सरकणारी पायपुसणी काढून टाका.

*हक्काची मदत घ्या.* राज्य शासनाची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ साली सुरू झाली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना चष्मा, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये देण्याची ही योजना आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान कार्ड मिळू लागले. ते आजारपण येण्याआधी काढून ठेवावे. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे.

*आणि पडलेच तर?* घाईने ओढून उभे करू नका. खुब्यात कळ असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर चालवू नका. अंगावर कोरडे पांघरूण घाला आणि १०८ला फोन करा.

जे कोणत्याच यंत्राला कळले नसते

आजी घरी आल्यावर नातवाने हट्ट धरला. “आपण कॅमेरा लावू. मोबाईलवर सगळं दिसतं.” आजी पडल्या पडल्या ऐकत होती. म्हणाली, “मोरीत कॅमेरा? माझी लाज काढतोस व्हय रं?” तो गप्प झाला. आम्हीही गप्प झालो. यंत्र लावायचे तर ज्याच्यासाठी लावायचे त्याला आधी विचारावे, एवढी साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. शरीर थकले म्हणून माणसाचा स्वाभिमान थकत नाही.

मग त्याच रात्री आजीने सांगितले, की आषाढातले ते पडणे पहिले नव्हतेच. त्याआधी ती दोनदा पडली होती. एकदा परसात, एकदा रेशन दुकानाच्या पायरीवर. दोन्ही वेळा कपडे झटकून उठली आणि कोणाला बोलली नाही. “का सांगितले नाही?” असे विचारल्यावर तिने जे उत्तर दिले, ते आम्ही विसरू शकत नाही. “सांगितलं असतं तर तुम्ही मला उंबऱ्याबाहेर सोडलं असतं काय?”

वाचकहो, खरी अडचण इथे आहे. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याचा धोका जास्त, म्हणून पहिले पडणे घरच्यांना कळणे फार मोलाचे. पण आपण काळजीच्या नावाखाली दार बंद करतो आणि मग म्हातारी माणसे पडणे लपवतात. घरात बसून राहिले की पाय आणखी लुळे पडतात आणि पडण्याचा धोका आणखी वाढतो. तेव्हा ‘बाहेर जाऊ नको’ म्हणण्याऐवजी ‘चल, मी बरोबर येतो’ म्हणणे हा पहिला उपाय आहे. आपल्यावर रागावणार नाहीत याची खात्री असेल, तर म्हातारे माणूस स्वतःच सगळे सांगते.

आता आमच्या खोलीत खुर्चीपासून दहा फुटांवर खडूची रेघ आहे. पुसली गेली की नातू पुन्हा मारतो. वॉकर घेऊन आजीने पहिल्यांदा चाचणी दिली तेव्हा ४१ सेकंद लागले. चार महिन्यांनी २६ लागले. १२चा आकडा अजून दूर आहे, कदाचित येणारही नाही. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती स्वतःच विचारते, “आज माझी परीक्षा हाय न्हवं?” आणि सून हातातले काम टाकून तिच्या शेजारी उभी राहते.

आमची एक विनंती आहे. पौर्णिमेला आपल्या विहारात वस्तीतली वडीलधारी मंडळी जमतातच. तिथे एक खुर्ची ठेवा आणि जमिनीवर दहा फुटांची रेघ मारा. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी वेळ मोजावी आणि नावापुढे आकडा लिहून वही जपून ठेवावी. ज्यांचा आकडा चढेल त्यांच्या घरी दुसऱ्याच दिवशी कोणीतरी जावे, मोरी पाहावी, गोळ्या विचाराव्यात, डॉक्टरांकडे न्यावे. याला एक वही, एक खडू आणि थोडा वेळ एवढेच लागते.

यंत्रे उद्या स्वस्त होतील, आपल्या घरात येतील, आणि आली की आपण ती समजून-उमजून वापरू. पण तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या चालीकडे पाहायला थांबायचे कारण नाही. आज संध्याकाळी त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालून या. चालताना त्यांच्याशी काही बोला, आणि ते थांबतात का पाहा.